पिस्तूल अंगावर असावं, गाडीवर नव्हे

प्रश्न : रविवार पेठेत आमची वडिलोपार्जित सराफी आहे. माझं वय ३८. कारागिराकडून तयार झालेला माल मी स्वतः मोटारसायकलवरून चिंचवडच्या दुकानात पोचवतो, आठवड्यातून दोन-तीनदा. मागच्या वर्षी शस्त्र परवाना मिळाला आणि ईशापूर कारखान्याचं पॉइंट ३२ चं पिस्तूल घेतलं. पण गाडीवर ते ठेवायचं कुठं, हे अजून जमलेलं नाही. पाठीमागं खोचतो, तर टोचत राहतं. पुढं ठेवलं की पोटात घुसतं. एक मित्र खांद्याचा पट्टा घे म्हणतो, दुसरा म्हणतो टाकीवरच्या बॅगेत टाक, अंगावर ठेवायची कटकटच नको. कधी कधी मागं बायको बसलेली असते. घरात सात वर्षांचा मुलगा आहे. यातली कुठली पद्धत बरी? — एक सराफ, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी थांबलो. 'खोचतो.' होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाशिवाय, नुसतं पँटमध्ये खोचून तुम्ही रविवार पेठेतून चिंचवडपर्यंत जात असाल, तर पुढचं उत्तर वाचायच्या आधी ते बंद करा. योग्य होल्स्टर मिळेपर्यंत पिस्तूल तिजोरीत राहू द्या आणि माल चारचाकीतून, सोबत माणूस घेऊन न्या.

खोचलेल्या पिस्तुलाचा चाप उघडा असतो. शर्टाचं टोक, जॅकेटच्या दोरीची गाठ, काहीही त्यात अडकू शकतं. शिवाय गाडीवर बसता-उठताना पट्टा सैल-घट्ट होत राहतो, प्रत्येक गतिरोधकावर पिस्तूल थोडं वर येतं किंवा आत उतरतं, आणि माणूस नकळत एक हात सोडून ते सारखं करत बसतो. म्हणजे लक्ष रस्त्यावर नाही आणि बोट चापाच्या आसपास.

फौजेत मी बरीच वर्षं हत्यारं शिकवण्याचं काम केलं. माझा एक जुना सहकारी, हत्यार हाताळण्यात माझ्यापेक्षा सरस, निवृत्तीनंतर पहिल्या पावसात कात्रजच्या जुन्या घाटात घसरला. वेग जेमतेम तीसचा. पिस्तूल चांगल्या होल्स्टरमध्ये होतं, पण पाठीच्या मधोमध, कण्यावर. तो नेमका पाठीवर आपटला. गोळी सुटली नाही, पिस्तुलाला साधा ओरखडाही आला नाही. पण कमरेच्या मणक्याला असा मार बसला की तीन महिने तो अंथरुणावर होता, आणि आजही त्याला पंगतीत मांडी घालून बसता येत नाही. रस्त्याचा मार त्यानं सोसला असता. मधे आलेल्या पाऊण किलो लोखंडानं घात केला.

म्हणून माझं पहिलं सांगणं. जागा निवडताना 'दरोडेखोर आला तर' हा विचार थोडा बाजूला ठेवा आणि 'मी पडलो तर' हा विचार आधी करा. पुण्यात दुचाकी चालवणारा माणूस कधी ना कधी पडतोच. पहिल्या सरीनं वर आलेलं तेल, खोदकामाच्या कडेची खडी, पाण्याखाली लपलेला खड्डा, उलट दिशेनं आलेली गाडी. तुम्ही जो रोजचा रस्ता सांगता त्यावर हे सगळं आहे. पडल्यावर पिस्तूल माझ्या शरीरात कुठं रुतेल? नळीचं तोंड कुणाकडे असेल? आणि मी शुद्धीवर नसेन तर ते कुणाच्या हाती लागेल? तुमच्या मित्रांनी सुचवलेली प्रत्येक जागा या तीन प्रश्नांवर तपासून बघू.

टाकीवरच्या बॅगेपासून सुरुवात करतो, कारण ती सगळ्यात सोयीची वाटते आणि सगळ्यात वाईट आहे. तुम्ही पडलात की तुम्ही एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. बॅग गाडीबरोबर जाते. गर्दी जमते, कुणी गाडी उचलून कडेला लावतं, कुणी बॅग 'सांभाळायला' घेतं. तुम्ही रस्त्यावर पडलेले असता आणि भरलेलं पिस्तूल अनोळखी माणसाच्या हातात असतं. अपघात न होताही हीच गत होऊ शकते. सिग्नलला कुणी गाडीच हिसकावली, तर माल गेला आणि वर पिस्तूलही त्यालाच मिळालं. स्कूटरच्या डिकीचं तर बोलायलाच नको. बँकेतून रोकड घेऊन निघालेल्या माणसावर नजर ठेवून डिकी उचकटणं हा या शहरातला जुना धंदा आहे.

कायद्याची अडचण वेगळीच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये, अंगाला लावलेलं असावं लागतं, नाहीतर पाठीवरच्या सॅकसारख्या पिशवीत. दोन्ही वेळा ते पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर नेणाऱ्याचा खरा ताबा हवा. मोटारसायकल स्टँडवर लावून तुम्ही पानपट्टीकडे वळलात, तर टाकीवरच्या बॅगेवर तुमचा काय ताबा राहिला? परवान्याची अट मोडली तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली कैद किंवा दंड होऊ शकतो आणि परवानाही रद्द होऊ शकतो. एवढ्या खेपा घालून मिळवलेला परवाना बॅगेपायी घालवू नका.

सॅक कायद्यात बसते, पण मला ती मोटारसायकलवर पटत नाही. सिग्नलला मागच्या गाडीवरचा माणूस चेन उघडतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. पडलात तर पुन्हा तोच कणा. आणि सॅक माणूस सवयीनं काढून ठेवतो, खुर्चीला अडकवतो, दुकानात गल्ल्याखाली सरकवतो. ज्या वस्तूत पिस्तूल आहे ती सवयीनं काढून ठेवायची वस्तू असता कामा नये.

आता खांद्याचा पट्टा. तुमचा मित्र म्हणतो त्या पट्ट्यात पिस्तूल डाव्या काखेखाली आडवं असतं आणि नळीचं तोंड थेट मागं असतं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मागं कधी बायको बसते. म्हणजे पूर्ण प्रवासभर भरलेल्या पिस्तुलाची नळी तिच्या छातीच्या उंचीवर, तिच्याकडे. हत्यार शिकवताना पहिल्या तासाला पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की नळी कुणाच्याही अंगावर रोखायची नाही, रिकामं असलं तरी. पिस्तूल उभं धरणारे, नळी जमिनीकडे असलेले पट्टेही मिळतात, त्यात हा दोष नाही. पण तिथून पिस्तूल काढायचं तर जॅकेटची चेन पूर्ण उघडावी लागते, आणि कुशीवर पडलात तर ते बरगड्यांत घुसतं. खूप लांबच्या प्रवासाला, बंद जॅकेटमध्ये, एकटे असताना कुणी तो वापरला तर मी हरकत घेणार नाही. तुमच्यासाठी नको.

पोटापुढची जागा उभ्या माणसाला चांगली आहे. मोटारसायकलवर बसलं की मांड्या वर येतात आणि पिस्तूल ओटीपोट आणि मांडी यांच्या बेचक्यात सापडतं. नळीचं तोंड जांघेकडे, जिथून मांडीची मोठी रक्तवाहिनी जाते. पुढून धडक बसली तर माणूस टाकीवर आदळतो आणि मधे पिस्तूल असतं. टोचतं हे तुमच्या शरीरानं आधीच सांगितलंय, त्याचं ऐका.

मग राहिली एकच जागा. उजव्या कमरेला, कमरेच्या हाडाच्या किंचित मागं. हाड आणि कणा यांच्यामधे एक मऊ खोबण असते, तिथं बोट ठेवून बघा. हाडावर नको, कारण कुशीवर पडलात तर हाड आणि डांबर यांच्यामधे लोखंड येईल. कण्याकडे नको, ते वर सांगितलंच. खोबणीत पडलं तरी लागणार, तिथून फार दूर मूत्रपिंडही नाही. पण सगळ्या जागांत कमी वाईट तीच. बसल्यावर नळी जमिनीकडे राहते, मागं बसलेल्याकडे जात नाही, आणि टाकीवर वाकताना मधे काही येत नाही. होल्स्टर घेताना तेवढं बघा की तो पिस्तूल सरळ धरतो. नळी मागं काढणारा तिरका होल्स्टर घेऊ नका.

होल्स्टर कडक हवा. साच्यात घालून त्याच पिस्तुलासाठी बनवलेला, चाप आणि चापाभोवतालची कडी पूर्ण झाकणारा, वर बटणाचा पट्टा किंवा खटका असलेला. बाजारात नायलॉनचे 'कुठलंही पिस्तूल बसेल' असे मिळतात, ते घेऊ नका. पडल्यावर ते दबतात, आणि दबलेल्या कापडातून चाप ओढला जाऊ शकतो. रिकामं पिस्तूल त्यात घालून होल्स्टर उलटा करा, गादीवर धरून जोरात झटका द्या. पिस्तूल बाहेर आलं तर दुकानदाराला परत द्या. कमरपट्टाही दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा घ्या. ऑफिसचा मऊ पट्टा वजनानं लोंबतो आणि होल्स्टर बाहेरच्या बाजूला कलतो.

झाकण्याचा प्रश्न गाडीवर वेगळा असतो. उभं असताना पुरेसं लांब वाटणारं जॅकेट बसून पुढं वाकलं की मागून चांगलं वीतभर वर जातं, आणि वारा भरला की फुगतं. त्यामुळे आरशासमोर उभं राहून तपासू नका. पिस्तूल रिकामं करा, मॅगझीन आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागचं गोळी बसायचं घर, डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा बघा, मग ते लावून स्टँडवरच्या गाडीवर बसा. हँडल धरा, मागं वळून बघा, पाय खाली टेका, उतरा, पुन्हा चढा. वहिनींना मागं उभं राहून बघायला सांगा. पट्ट्याखाली दोन मुठी जॅकेट उरत असेल तर ठीक. उन्हाळ्यात जॅकेट नको वाटतं हे मला कळतं. ज्या दिवशी जॅकेट नको, त्या दिवशी पिस्तूलही नको.

चेंबरमध्ये गोळी ठेवायची का, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. मोटारसायकलवर ठेवू नका. मॅगझीन भरलेलं, चेंबर रिकामं. काही अनुभवी लोक याच्याशी असहमत असतात. ऐन वेळी स्लाइड, म्हणजे चेंबरमध्ये गोळी भरणारा पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायला वेळ जातो असं त्यांचं म्हणणं. चालणाऱ्या माणसाबद्दल तो वाद होऊ शकतो. दुचाकीवर मात्र उजव्या हातात रेस आणि पुढचा ब्रेक, डाव्यात क्लच, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, अंगावर हातमोजे, वर जॅकेट. तिथं स्लाइड ओढायचा अर्धा सेकंद वाचवून काही मिळत नाही, आणि पडताना चेंबर रिकामं असल्याचा फायदा मोठा आहे. ज्यांच्याकडे जुन्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी घोड्याखालचं, म्हणजे मागच्या हातोडीसमोरचं, काडतुसाचं घर रिकामं ठेवावं. काही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यावर मार बसला तर तो थेट काडतुसावर आदळू शकतो.

पाऊस. जून ते सप्टेंबर पिस्तूल रेनकोटच्या आत घामात भिजतं, हे लोक विसरतात. बाहेरून पाणी आलं नाही तरी घामातलं मीठ पोलादाला चार दिवसांत गंज आणतं. रोज घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. तेल काडतुसांना लागू देऊ नका, बुडातून आत झिरपलं तर काडतूस फुसकं निघतं. चामड्याचा होल्स्टर पावसाळ्यात ओल धरून बसतो. त्यात पिस्तूल रात्रभर कधीच ठेवू नका.

तुमच्या रस्त्याविषयी एक. हॅरिस पूल ओलांडला की पोलिस आयुक्तालय बदलतं. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. तुमच्या परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते आजच काढून वाचा. 'महाराष्ट्र राज्य' असेल तर प्रश्न नाही. फक्त पुणे शहर असेल तर चिंचवडच्या दुकानात ते पिस्तूल नेताच येत नाही, आधी क्षेत्र वाढवून घ्या. सणासुदीला, बंदोबस्ताच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात, आणि निवडणुका लागल्या की परवान्याची शस्त्रं जमा करायला सांगतात. गणपतीच्या आधी दुकानात गर्दी असते, माल जास्त हलतो, आणि नेमका तेव्हाच आदेश निघू शकतो. तुमच्या पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. पेपरात वाचलं नव्हतं ही सबब तिथं चालत नाही.

नाकाबंदीत थांबवलं तर इंजिन बंद करा, दोन्ही हात हँडलवर दिसतील असे ठेवा आणि कुणी अंगाला हात लावायच्या आधी बोला. 'साहेब, माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे, उजव्या कमरेला. परवाना जॅकेटच्या डाव्या खिशात आहे. काढू का?' इतकंच. पिस्तूल दाखवायला म्हणून स्वतः हात घालू नका, काढून घेतील तर त्यांना काढू द्या. परवाना पाहायला मागायचा त्यांना शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ खाली अधिकार आहे, तेव्हा मूळ परवाना जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त नको. तो नेहमी पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूच्या खिशात असू द्या, म्हणजे कागद काढताना हात हत्याराकडे जाणार नाही.

पाकिटात आणि हेल्मेटच्या आत एक चिठ्ठी ठेवा. 'माझ्याजवळ परवान्याचं शस्त्र आहे, उजव्या कमरेला. काढू नका, ११२ वर कळवून पोलिसांच्या ताब्यात द्या.' खाली घरचा एक नंबर. तुम्ही बेशुद्ध असाल आणि कपडे कापायची वेळ आली, तर रुग्णालयातल्या माणसांना हे आधी कळायला हवं. तुमच्या भावानं किंवा मित्रानं काळजीपोटी ते पिस्तूल घरी नेलं, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर येऊ शकतो, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा. आणि पिस्तूल हरवलं किंवा चोरीला गेलं, तर घरी जाऊन शोधाशोध करण्याआधी जवळचं पोलीस ठाणं गाठा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट उरते. पत्र वाचताना ती सारखी मनात होती. चालत्या मोटारसायकलवर पिस्तूल तुम्हाला वाचवेल, यावर विसंबून माल नेऊ नका. मागून दोघं गाडीवर येतात, एक बॅग ओढतो. त्या क्षणी तुमचा उजवा हात रेसवर आहे. तो काढलात तर गाडी मंदावते आणि तोल जातो. चालत्या गाडीवरून भर रस्त्यात झाडलेली गोळी कुठं जाईल हे मीही सांगू शकत नाही, आयुष्य हत्यारांत घालवूनही. मुंबई रस्त्यावर पुढं शाळेची बस असेल, बसस्टॉपवर माणसं असतील. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ ते ४४. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा तो देत नाही, आणि बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्हाला कोर्टात उभं राहून खूप काही सिद्ध करावं लागेल. त्या क्षणी रेस पिळा, गर्दीच्या चौकात शिरा, पोलीस चौकी जवळ असेल तिथं गाडी घाला. जमत नसेल तर माल सोडा. सोन्याचा विमा होतो. सराफांसाठी 'ज्वेलर्स ब्लॉक' नावाची पॉलिसी असते, तीत वाटेतला मालही धरता येतो. तुमची तशी आहे का ते बघा, आणि मोटारसायकलवरून नेलेल्या मालाबद्दल त्यात काय अटी आहेत तेही वाचा. वेळ आणि रस्ता बदलत राहा. तुम्ही आठवड्यात दोन-तीनदा जाता हे मला पत्रातून कळलं. पेठेत आणखी किती जणांना कळत असेल?

वहिनी मागं बसलेल्या असतील त्या दिवशी माल नको आणि पिस्तूलही नको. ही अट मी तुमच्यावर घालतोच. नुसतं चिंचवडला नातेवाइकांकडे निघाला असाल, तर ते तिजोरीतच राहू द्या.

आणि सात वर्षांच्या मुलाचं. संध्याकाळी घरात शिरल्यावर चपला काढायच्या आधी पिस्तूल रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या तुमच्या अंगावर. जॅकेट खुंटीला लागेल तेव्हा त्यात काहीही राहिलेलं नसावं. मुलं बापाचं जॅकेट घालून बघतात.

होल्स्टर आणि पट्टा घेतलात की स्टँडवरच्या गाडीवर बसून बघितल्यावर काय अडलं ते मला पुन्हा लिहा. डावखुरे असाल तर तेही कळवा. मग वरचं सगळं डाव्या बाजूला करायचं.